भोंग्याला आतून कल्हई

त्या माणसाचा मला आजही राग येतो. ज्यांनी त्यांना शाळेतून काढलं त्या चेअरमनांचा येतो, तेव्हा मान खाली घालून बसलेल्या हेडमास्तरांचा येतो, पण तो वेगळा. तो राग सरळ आहे. त्याला कारण आहे आणि ते मी कुणालाही समजावून सांगू शकते. बँडमास्तरांचा राग मात्र घरच्या माणसाचा यावा तसा येतो. आठवण निघाली की डोक्यात तिडीक जाते, पाठोपाठ हसू येतं, आणि मग त्या हसण्याचाही राग येतो.

सांगलीला विश्रामबागेतल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवत होते. नव्वदनंतरची ती पहिली काही वर्षं. मास्तर मूळचे म्हसवडकडचे. पलटणीच्या बँडात नोकरी करून पेन्शनीत निघालेले आणि आमच्याकडे मुलांचं बँडपथक बसवायला हंगामी म्हणून लागलेले. अंगानं काटक, कपड्यांना कडक इस्त्री, बुटात तोंड दिसावं असं पॉलिश. वरच्या ओठावर मधोमध एक गोल वळ होता. वर्षानुवर्षं पितळ ओठाला दाबून फुंकल्यानं उठलेला तो वळ, ते संतापले की लाल व्हायचा. म्हणजे बहुतेक वेळ लालच असायचा.

‘नमस्कार’, ‘कसं काय’ असलं काही ते कुणाला म्हणायचे नाहीत. त्यांचं एकच वाक्य होतं, “कुनी केलं हे?” कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची, खालून बघायची आणि हे विचारायचं. स्टाफरूममध्ये चहा आला की विचारायचे, “कुनी केला?” शिपाई म्हणायचा, “हाटेलातनं आनलाय.” “हाटेल च्या करत न्हाई. मानूस करतो. कोन हाय त्यो?” शिपाई कपाळावर हात मारून निघून जायचा आणि चहा निवून जायचा. माझ्यासाठी नवी खुर्ची आली, तर मी बसायच्या आत त्यांनी ती पालथी घातली आणि सुताराचं नाव सापडेना म्हणून माझ्यावरच खेकसले, जणू मीच ते खरवडून काढलं होतं.

एकदा काही निरोप द्यायला आमच्या घरी आले. जेवायची वेळ होती म्हणून बसवलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “कुनी केली ही?” सासूबाई घाबरून पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, भाकरीत खडाबिडा निघाला. मास्तर म्हणाले, “लय झ्याक हाय. नाव काय तुमचं?” लग्न करून आल्यापासून त्या घरात सासूबाईंना कुणी नाव विचारलं नव्हतं. त्यांनी ते सांगितलं ते भिंतीकडे बघत.

या खुळाचं मूळ कशात होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही भांडता भांडता. मी म्हटलं होतं, “मास्तर, काय करायचंय हो तुम्हाला, कुणी का केलेलं असेना!” तशी ते उसळले. “माझा बाप गावात वाजवायचा. लगीन असो, जत्रा असो, हाक यायची, ‘ए वाजवणाऱ्या.’ त्याला नाव हुतं की न्हाई? हुतं. पन कुनाला ठावंच नव्हतं. धर्म बदलला तवा बापानं हलगी खाली ठेवली. म्हनला, आता वाजवायचं न्हाई आन वाजवणाऱ्या म्हनून हाकेला ओ द्यायची न्हाई. मी पलटणीत जाऊन वाजवलं, का? तितं छातीवर नावाची पट्टी हुती, बाई. ज्यानं वाजवलं त्याचं नाव. मग ज्यानं केलं त्याचं कुटं गेलं?” एवढं बोलून ते तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. जसं काही मीच त्यांच्याकडून ते काढून घेतलं होतं.

त्यांनी शाळेकडे मागितलेली गोष्ट एकच. ऑफिसाबाहेर एक फलक होता, त्यावर कायम शिक्षकांची नावं रंगवलेली असत. हंगामी माणसाचं नाव त्यावर येत नसे. त्या वर्षी त्यांना कायम करायचं घाटत होतं. फलकावर नाव रंगवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे, ते जाता येता मला सांगून ठेवायचे, “बाई, अक्षर जाड काढा. लांबनं दिसलं पायजे.”

अशात चेअरमनांनी आपल्या वडिलांच्या नावानं शाळेला डझनभर वाद्यं भेट दिली. लखलखीत पिवळेधमक ट्रंपेट आणि कडेवर घेऊन वाजवायचा एक मोठा बाजा, युफोनियम. झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. प्रत्येकावर ठळक इंग्रजी नाव ठोकलेलं. चेअरमन भाषणात म्हणाले, “थेट विलायतेचा माल आहे.” तो माल पुरवला होता त्यांच्या साडूनं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मास्तर पुढे झाले, एक ट्रंपेट उचलला, उलटा केला, त्याच्या भोंग्यात मनगटापर्यंत हात घातला आणि भर सभेत विचारलं, “कुनी केलं हे?”

चेअरमन हसले. “नाव लिहिलंय की त्याच्यावर.”

“ते नाव हाय. मानूस कोन?”

तिथूनच सगळं बिनसलं. ती वाद्यं वाजेनात. पोरांचे गाल फुगून दुखायला लागले, पण आवाज निघायचा तो कोंडल्यासारखा, आणि दोन ट्रंपेटांचा सूर एकमेकांशी जुळेल तर शपथ. सव्वीस जानेवारीला मैदानावर आमच्या पथकानं जे काही वाजवलं त्याला इतर शाळांची पोरं खो खो हसली. आमची पोरं रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी चेअरमन स्टाफरूममध्ये आले आणि मास्तरांच्या समोर, पण त्यांच्याकडे न बघता, हेडमास्तरांना म्हणाले, “विलायती बाजा दिला तरी वाजत नसेल तर खोट शिकवणाऱ्यात आहे. मार्चच्या मीटिंगला विषय घ्या. कायम करायचं की बँडच बंद करायचा ते बघू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांनी उन्हात उभं राहून केलेली मेहनत मी रोज वर्गाच्या खिडकीतून बघितली होती. पण बोलायचं कुणी? हेडमास्तर नंतर हळूच मास्तरांना म्हणाले, “जाऊन दोन शब्द गोड बोला, विषय मिटेल.” मास्तर म्हणाले, “गोड बोलून भोंगा वाजतो का?” आणि त्या दिवसापासून ते कर्त्याच्या शोधात लागले. त्यांचं म्हणणं असं, की वाद्यात खोट कुठं आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक. त्याला धरायचा, खोट काढून घ्यायची आणि मीटिंगला बाजा वाजवून दाखवायचा.

आता धरायचा कसा? सांगलीतल्या नि मिरजेतल्या झाडून सगळ्या बँड कंपन्यांशी त्यांनी भांडणं उकरून काढली. एका दुरुस्तीवाल्यावर त्यांचा इतका वहीम बसला की त्याची गचांडी धरली. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात फक्त ढोल मढवले होते. मी चित्रकलेच्या परीक्षेसाठी साताऱ्याला गेले होते, तिथे रस्त्यात वरात लागली. बँड जोरात चाललेला, नवरा घोड्यावर, आणि समोर एक माणूस वाजत्या ट्रंपेटात डोकं खुपसून उभा. इस्त्रीची पँट बघूनच मी ओळखलं. वरातवाल्यांनी त्यांना धरून ओढलं, कुणीतरी दोन ठेवूनही दिल्या. मास्तर ओरडत होते, “मला लगीन नको, बाजा दावा!” मी मध्ये पडून सोडवलं. आभार राहिले बाजूला, मलाच ऐकवलं, “थोडं थांबला असता तर आतलं दिसलं असतं की!”

आतलं दिसलं ते शेवटी शाळेतच. त्या मोठ्या बाजाच्या भोंग्यात त्यांनी नख घालून खरवडलं, तर नखात पांढरं आलं. मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, “चांदीचा मुलामा असेल.” ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. “बाहेर पिवळं आन आतनं चांदी? कुनाला दावायला? बाई, ही कल्हई हाय.”

खरंच कल्हई होती. आपल्या पातेल्यांना असते तीच. घबाड मिळाल्यागत त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते लालबुंद झाले. “बाजाला कल्हई! कोन हाय ह्यो येडा?” पण आता दिशा कळली होती. बाजा बँडवाल्यानं केलेला नव्हता, भांडीवाल्यानं केला होता. भोंग्याची कडही घागरीसारखी, आत तार घालून दुमडलेली होती. भांडी बाजारात चौकशी केल्यावर कळलं, की अशी कड अजून हातानं दुमडणारे तांबट आता मोजकेच राहिलेत. मास्तर त्यांच्या एकेकाच्या दारात जाऊन भांडायला लागले.

शाळेची वस्तू बाहेर न्यायला कायम शिक्षकाची सही लागायची, म्हणून त्यांना मी लागायचे. आणि मारामारी झाली तर सोडवायलाही. एका रविवारी तो मोठा बाजा चादरीत गुंडाळून आम्ही एस.टी.त बसलो. गाव कृष्णाकाठचं, एवढंच सांगते. कंडक्टरनं विचारलं, “म्हातारं आजारी हाय का वो?” मास्तर म्हणाले, “व्हय, आवाज बसलाय.”

तांबट साठीचा असेल. बोळातलं लहान दुकान, पुढ्यात ऐरण, भिंतीला दोन बंब आणि एक घंगाळ. बाकी गिऱ्हाईक स्टीलनं खाल्लेलं. मास्तरांनी चादर सोडली आणि बाजा त्याच्यासमोर आपटावा तसा ठेवला. “कुनी केलं हे?”

तांबटानं हातोडी बाजूला ठेवली. बाजा मांडीवर घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, वर बघितलं आणि काळजीनं म्हणाला, “मीच केलंय. कुटं गळतंय का?”

मी मास्तरांकडे बघितलं. कितीतरी दिवस साठवून आणलेल्या शिव्या त्यांच्या तोंडात आल्या होत्या आणि आता त्यांना त्या कुठं ठेवाव्यात ते कळेना. “गळत न्हाई!” ते ओरडले. “वाजत न्हाई!”

“वाजवायचं हाय व्हय हे?” तांबट खरोखरच चकित झाला. “व्यापारी म्हनला, हाटेलात भिताडाला टांगत्यात, शोभंला. त्यानं नमुना दिला, तसा मी केला. बटनं त्योच पाठवतो. आन इंग्रजी नाव तिकडं ठोकत्यात, मला कुटलं येतंय?”

“मग शोभंच्या वस्तूला आतनं कल्हई कशाला?”

“भांडं बिनकल्हईचं कसं द्यायचं वो?” आता तांबट चिडला. “उद्या कुनी त्यात आंबट घातलं म्हंजे?”

“ह्याच्यात आंबट कोन घालंल?”

“मानसाचं काय सांगता येतंय.”

मी हसले. दोघांनीही माझ्याकडे रागानं बघितलं.

खोट तीच होती. भोंग्याला लावलेली कल्हई वितळून आत नळीत उतरली होती आणि वळणावर गोळा होऊन थिजली होती. वारं जायला धड वाट नव्हती. तांबटानं भट्टी फुंकली, नळी तापवली, उलटी धरून झटकली. कथलाचा चकचकीत ओघळ जमिनीवर पडला. बाजा निवल्यावर मास्तरांनी तो उचलला, ओठाला लावला आणि पलटणीतली कूच करतानाची एक धून वाजवली. तो कोंडलेला आवाज कुठल्या कुठे गेला. चांगला भरदार, गोल सूर निघाला. तांबट खाली मान घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “लय मोठा आवाज हाय की ह्याला.” मग हात लांब करून बाजाची कड चाचपत, “मी केलं, पन मला ठावंच नव्हतं.”

इथे तरी मास्तरांनी निवावं की नाही? छे. “नाव घाला,” ते म्हणाले. “ते इंग्रजी खोडा आन तुमचं नाव घाला.”

तांबटानं खिळा नि हातोडी घेतली. जन्मभर त्यानं भांड्यांवर नावं घातली होती. अमक्याकडून तमकीला लग्नात सप्रेम भेट, असली. त्यानं विचारलं, “तुमचं घालू, का शाळंचं?”

“तुमचं! ज्यानं केलं त्याचं!”

“करणाऱ्याचं कोन घालतंय?” तांबटानं हातोडी खाली ठेवली. “आन व्यापाऱ्याला कळलं तर माल घ्यायचा न्हाई. एवढंच काम ऱ्हायलंय, मास्तर. नका पोटावर पाय आनू.”

मास्तरांनी त्याला फक्त नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मास्तरांनी ते मोठ्यानं म्हणून बघितलं, मान हलवली आणि बाजा चादरीत बांधला. एस.टी.त सांगलीपर्यंत धुमसत राहिले. मी म्हटलं, “आता कशाचा राग? माणूस सापडला, बाजा वाजला, मार्चमध्ये तुमचं नाव फलकावर येईल.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्याचं कुटं आलं?”

पुढच्या दोन-तीन रविवारी त्यांनी बाकीचे ट्रंपेट नेऊन साफ करून आणले. पोरांनी ते फुंकले आणि त्यांचे डोळेच मोठे झाले. मीटिंगच्या दिवशी मास्तरांनी पथक मैदानात उभं केलं आणि वाजवून दाखवलं. कमिटीतले लोक खिडकीत येऊन उभे राहिले. एकानं टाळ्याही वाजवल्या. मला वाटलं, जिंकलं.

मग मास्तरांनी आत येऊन, कुणी न विचारता, सगळं सांगितलं. माल विलायती नाही, इथलाच आहे, भांडीवाल्यानं केलाय, नाव खोटं ठोकलंय. चेअरमनांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वडिलांच्या नावानं दिलेली भेट बनावट निघाली होती, आणि ती साडूनं विकलेली. क्षणभर वाटलं, आता तरी हा माणूस खरं काय ते कबूल करेल. पण माणसं अशी कबूल करत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे शाळेची फसवणूक झाली. कोण तो भांडीवाला? नाव सांगा. मी फौजदारी करतो.”

“छाप त्यानं मारलेला न्हाई,” मास्तर म्हणाले. “कुनी मारला ते तुमच्या साडूंना विचारा.”

“साडूचं मी बघतो. बनवली कुणी? त्याचं नाव.” चेअरमनांनी समोरचा कागद बोटानं पुढे सरकवला. “ही तुमची कायमची ऑर्डर. सही आत्ता करतो. नाव सांगा.”

अख्खं वर्ष या माणसानं सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, कुनी केलं, कुनी केलं म्हणून. आता त्याला ते कळलेलं होतं आणि विचारणारा समोर होता. मास्तरांच्या ओठावरचा वळ लाल झाला.

“न्हाई सांगत,” ते म्हणाले.

“माहीत नाही की सांगत नाही?”

“माहीत हाय. सांगत न्हाई.”

“वाजवणाऱ्यानं वाजवावं,” चेअरमन म्हणाले, “शहाणपणा शिकवू नये.” हेडमास्तरांनी मान खाली घातली. कागद परत फायलीत गेला. त्या एका वाक्यात सगळं झालं. मास्तरांची नोकरी गेली, पोरांचा बँड गेला, ती वाद्यं नंतर कपाटात गेली ती गेलीच. चेअरमन माझ्याकडे वळले. “बाई, बाजा बाहेर नेताना सही तुमची आहे. तुम्ही बरोबर होतात. काय नाव त्याचं?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही.” आणि मास्तरांच्या मागोमाग बाहेर आले.

व्हरांड्यात ते माझ्यावर उलटले. मला वाटलं होतं निदान आज तरी दोन शब्द बरे बोलतील. “बाई, तुमी खोटं बोललासा.”

“मग काय करू? त्या गरिबाचं नाव सांगून टाकू?”

“सांगत न्हाई म्हनायचं. मी म्हनलो की. माहीत न्हाई असं म्हनायचं न्हाई. आजपतुर समदी त्याच्याबद्दल हेच म्हनत आल्यात. सांगत न्हाई म्हनलं, म्हंजे मानूस हाय एवढं तरी कळतं.”

मी काही बोलायच्या आत ते वळले, दार ढकलून परत आत गेले आणि त्यांचा पलटणीतला आवाज व्हरांड्यापर्यंत आला, “सायेब, बाईंनाबी त्याचं नाव माहीत हाय. त्याबी सांगनार न्हाईत.”

माझी नोकरी, माझं घर, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्या क्षणी मी त्यांच्या डोक्यात काहीतरी घातलं असतं. आतून चेअरमनांनी हाक मारली, “बाई, या आत.” मी पदर खोचला, आत गेले आणि मास्तरांच्या शेजारी उभी राहून म्हटलं, “हो, माहीत आहे. सांगत नाही.”